भारताचा प्रादेशिक भूगोल ऑनलाइन शिकताना: आधी नकाशा, मग व्हिडिओ

सगळे व्हिडिओ पाहून झालेले असतात, साप्ताहिक चाचण्यांत दहापैकी नऊ-नऊ गुण पडलेले असतात, आणि कोऱ्या नकाशावर छोटा नागपूरचं पठार दाखव म्हटलं की पेन्सिल थेट विदर्भातल्या नागपूरवर टेकते; पठार असतं झारखंडात. दर सत्राला माझ्याकडे असं एक तरी पोर येतं. पोर हुशार असतं, मेहनतीही असतं. चुकलेला असतो तो क्रम. व्हिडिओ आधी, वाचन जमलं तर, नकाशा परीक्षेच्या आदल्या रात्री.

पुढचे टप्पे केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा बारा ते पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. कोल्हापुरात बसून शिकणाऱ्यांसाठी उदाहरणं इथलीच घेतली आहेत. दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाचा ऑनलाइन वर्ग असेल तर पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातले कागद बदलतील, मधला अभ्यास तोच.

## टप्पा १: नाव नोंदवण्याआधी कागद

'स्वयम'वर सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. शिकणं फुकट आहे, पण प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि तिचं शुल्क वेगळं भरावं लागतं. फक्त आवड म्हणून शिकत असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा. श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर पुढचा क्रम मोडू नका.

१. अभ्यासक्रमाचं पान उघडून श्रेयांक, आठवडे, अध्यापनाची भाषा आणि साप्ताहिक घटक उतरवून घ्या. 'भारताचा भूगोल' आणि 'भारताचा प्रादेशिक भूगोल' हे दोन वेगळे विषय असू शकतात. पहिल्यात हवामान, मृदा, शेती अशी प्रकरणं असतात, दुसऱ्यात एकेक प्रदेश घेतलेला असतो. नावावर जाऊ नका, घटक वाचा.

२. ती यादी घेऊन आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात जा. हे श्रेयांक कोणत्या विषयाच्या जागी धरले जातील, हे लेखी घ्या. "घे रे, धरतील" हे उत्तर लेखी नसतं.

३. मगच नाव नोंदवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि श्रेयांक खात्यावर (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) सारखंच आहे ना, ते अक्षर न् अक्षर पाहा. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, यावरून प्रमाणपत्र अडकतं.

इशारा: अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं म्हणजे परीक्षेला नाव नोंदवणं नव्हे. परीक्षेचा अर्ज सत्राच्या मध्यात वेगळा उघडतो आणि वेगळा बंद होतो. सगळ्या चाचण्या वेळेत देऊन इथं बाद झालेले मी सर्वांत जास्त पाहिलेत. तारीख जाहीर झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, मोबाइलवर विसंबू नका.

## टप्पा २: टेबलावर काय हवं

एक नकाशासंग्रह, भारताचे किमान पंचवीस कोरे नकाशे, ट्रेसिंग पेपर, एचबी पेन्सिल, निळी-तपकिरी-हिरवी रंगीत पेन्सिल, आलेख कागद. महाद्वार रोडच्या बाजूला गेलात तर हे सगळं एका फेरीत मिळतं. महागडं काही लागत नाही.

नकाशासंग्रह घरातल्या मोठ्या भावंडाचा जुना असेल तर वापरण्याआधी तीन गोष्टी तपासा. तेलंगणा वेगळं दाखवलंय का (जून २०१४)? जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश आहेत का (ऑक्टोबर २०१९)? दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आहेत का (जानेवारी २०२०)? तिन्हींना 'हो' असेल तर त्यात २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश दिसतील. नसतील तर तो संग्रह नद्या-डोंगरांसाठी ठेवा, राजकीय नकाशासाठी नको.

इंटरनेटवरून नकाशा उतरवताना देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. परदेशी संकेतस्थळांवरचे नकाशे उत्तरेकडची सीमा वेगळी दाखवतात. तो नकाशा तसाच गृहपाठाला जोडला तर गुण तर जातातच, वर शेराही मिळतो. उपग्रह प्रतिमांसाठी इस्रोचं 'भुवन' पोर्टल पुरेसं आहे.

जुलै सत्र घेतलं असेल तर आणखी एक. पंचगंगा पात्राबाहेर पडायचे दिवस आणि तुमचे पहिले चार-पाच आठवडे एकत्र येतात. वीज जाते, नेटवर्क जातं. वाचनसाहित्याच्या फाइली पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवा. चाचणी शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

## टप्पा ३: पहिला व्हिडिओ लावण्याआधी कोरा नकाशा भरा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि सगळं इथंच बिघडतं.

कोऱ्या नकाशावर आठवणीतून काढायचं, आणि या क्रमानं: आधी कर्कवृत्त आणि ८२°३०′ पूर्व रेखावृत्त (भारताची प्रमाणवेळ ज्यावरून धरतात ते), मग जलविभाजक (नद्यांची खोरी वेगळी करणारी उंच जमीन) आणि मोठ्या नद्या, मग पर्वतरांगा, आणि सर्वांत शेवटी राज्यांच्या सीमा. बहुतेक जण उलटं करतात. राज्यं आधी काढली की डोक्यात राज्य म्हणजेच प्रदेश असं घट्ट बसतं, आणि पुढचे बारा आठवडे ते निघत नाही.

चुका होतीलच. मग नकाशासंग्रह उघडून लाल पेनानं दुरुस्ती करा, पण चुकलेली पेन्सिल खोडू नका. हा कागद सत्रभर भिंतीवर राहू दे. आपण कुठं चुकतो हे दाखवणारा दुसरा कागद नाही.

तपासणी, तीन प्रश्न:

कर्कवृत्त किती राज्यांतून जातं? आठ: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. त्रिपुरा किंवा मिझोराम सुटलं असेल तर तुमचा ईशान्य भारत नकाशात फार वर सरकलाय.

मुख्य भूमीचा अक्षवृत्तीय विस्तार ८°४′ ते ३७°६′ उत्तर, रेखावृत्तीय ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व. दोन्ही सुमारे २९ अंश. तरी उत्तर-दक्षिण अंतर ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३, असं का? रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात म्हणून. हे पाठ असून चालत नाही, नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

कोल्हापूर ८२°३०′ च्या किती पश्चिमेला? शहर साधारण १६°४२′ उत्तर, ७४°१४′ पूर्व इथं आहे. फरक सव्वाआठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटं मागे. घड्याळात बारा वाजले तरी रंकाळ्यावर सूर्य अजून पुरता डोक्यावर आलेला नसतो, तो यामुळे.

## टप्पा ४: प्रदेश कोणी आखला आणि कशासाठी

विषयाचा गाभा हाच, म्हणून इथं घाई नको. प्रदेश जमिनीवर आखून ठेवलेला नसतो. कोणीतरी एक निकष धरतं आणि त्या निकषानं रेघ ओढतं. निकष बदलला की रेघ हलते.

कोल्हापूर जिल्हाच घ्या. हवामान खात्याच्या ३६ उपविभागांत तो 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात आहे. महसुलाच्या दृष्टीनं पुणे विभागात. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे विकास मंडळांसाठी जी विभागणी आहे, तिच्यात 'उर्वरित महाराष्ट्र'. प्राकृतिक नकाशात पश्चिमेकडचे तालुके सह्याद्रीत आणि बाकीचे दख्खनच्या पठारावर. शेतीच्या हवामान विभागांत तर एकाच जिल्ह्याचे तुकडे पडतात: घाट विभाग, संक्रमण विभाग एक, संक्रमण विभाग दोन. यातलं एकही चूक नाही. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

घाटमाथ्यावर गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला पाचशे-सहाशे. रस्त्यानं हे सगळं मिळून साधारण शंभर किलोमीटर. एसटीच्या खिडकीत बसून गेलात तर भातखाचरं मागे पडतात, उसाचे मळे सुरू होतात, माती तांबडीची काळी होते. पण 'इथं घाट विभाग संपला' अशी पाटी कुठंच लागत नाही. प्रदेशाची सीमा बहुतेक वेळा रेघ नसते, पट्टा असतो. उत्तरात 'संक्रमण पट्टा' हा शब्द आला की परीक्षकाला कळतं, या पोराला विषय समजलाय.

आतापर्यंतचे प्रदेश एकेका निकषानं आखलेले. दुसरा प्रकार कार्यात्मक प्रदेश, म्हणजे एका केंद्राशी चालणाऱ्या व्यवहारांनी बांधलेला. व्याख्या पाठ करून हा कळत नाही, पण कोल्हापूरकरांना समजावायची गरजच पडू नये, कारण 'कार्यक्षेत्र' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. साखर कारखान्याचं कार्यक्षेत्र म्हणजे नेमका कार्यात्मक प्रदेश: एक केंद्र, त्याकडे येणारा ऊस, आणि अंतर वाढेल तशी पातळ होणारी पकड. दूध संघाचं संकलन क्षेत्र तसंच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणातून घाट चढून येणारे रुग्ण तसेच. निपाणी कर्नाटकात आहे, पण तिथल्या माणसाची खरेदी, दवाखाना, शिक्षण बऱ्याचदा कोल्हापुरात असतं. कार्यात्मक प्रदेश राज्याची सीमा मानत नाही.

करून पाहा: अभ्यासक्रमात येणाऱ्या प्रत्येक प्रादेशिक विभागणीसाठी वहीत तीन रकाने ठेवा: आखणी कोणी केली, निकष कोणता, आपलं गाव कुठं पडलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पहिले दोन समजलेले नाहीत.

नेहमीची चूक: एका उत्तरात दोन विभागण्यांची सरमिसळ. सुरुवात हवामान उपविभागानं आणि शेवट महसूल विभागानं, म्हणजे पाऊस मध्य महाराष्ट्राचा आणि लोकसंख्या पुणे विभागाची. दोन्ही आकडे खरे, उत्तर खोटं.

## टप्पा ५: आठवड्याचा क्रम

सोमवारी वाचनसाहित्य. त्यातली ठिकाणं त्याच दिवशी कोऱ्या नकाशावर. मग व्हिडिओ, आणि तोही वही-नकाशा समोर ठेवून: ठिकाणाचं नाव आलं की थांबवायचा, बोट ठेवायचं, पुढे जायचं. वीस मिनिटांचा व्हिडिओ चाळीस मिनिटं चालला तर बरोबर चाललंय. शनिवारी न बघता अर्धं पान लिहायचं. त्यानंतर चाचणी.

चाचणी आधी सोडवून मग उत्तरं शोधायला व्हिडिओ पळवणं ही आता रूढ पद्धत झालीय. अंतर्गत गुण मिळतात, नाही असं नाही. पण त्यांचं वजन साधारण ३० टक्के, उरलेले ७० अंतिम परीक्षेचे, आणि तिथं व्हिडिओ मागे नेता येत नाही.

## टप्पा ६: एका प्रदेशाचं टिपण

स्थान, प्राकृतिक रचना, नद्या, हवामान, मृदा, वनं, शेती, खनिजं, उद्योग, लोकसंख्या. दहा मथळे, प्रत्येकाखाली चार ओळी, आणि प्रदेश कोणताही असो, साचा तोच. असलं टिपण राजस्थानचं की आसामचं, हे नाव झाकलं तर ओळखू येत नाही.

त्याऐवजी आधी ठरवा: या प्रदेशात बाकी सगळ्याला ओढून नेणारा घटक कोणता? थरच्या वाळवंटात पाणी. तिथं सतलज-बियासच्या संगमाजवळच्या हरिके बंधाऱ्यावरून येणाऱ्या इंदिरा गांधी कालव्यापासून टिपण सुरू केलं तरी चालेल, कारण कालव्यानं पीक बदललं, वस्ती बदलली आणि काही भागांत पाणथळ-खारवट जमिनीचा नवा प्रश्नही आणला. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तो घटक नदी आणि तिचा पूर.

आणि आपला तो छोटा नागपूर. तिथं घटक खडक. जुन्या कठीण खडकांत सिंहभूमचं लोहखनिज, दामोदरच्या खचलेल्या खोऱ्यात गोंडवन काळातला झरिया-बोकारोचा कोळसा. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमापाशी पाणी, खनिज आणि कोळसा दोन्ही रेल्वेच्या टप्प्यात, पूर्वेला कोलकात्याचं बंदर. म्हणून जमशेदपूर तिथं. पोलाद आलं म्हणून मजूर आले, खाणी वाढल्या म्हणून जंगल आणि जमिनी गेल्या, आदिवासींचं विस्थापन झालं. एक वाक्य दुसऱ्याला ओढतंय का पाहा. 'म्हणून' आणि 'त्यामुळे' हे शब्द टिपणात नसतील तर ती यादी आहे, टिपण नव्हे.

इचलकरंजीवर हीच साखळी लावायला घेतली की ती पहिल्याच पायरीला तुटते. कापूस तिथला नाही, तरी माग तिथं. मग कारण खडकात नाही, माणसांत आणि बाजारात शोधायला लागतं. असा एक अपवाद प्रत्येक प्रदेशात शोधून टिपणाच्या शेवटी ठेवा. तो साच्यातून बाहेर काढतो.

## टप्पा ७: आकडे नकाशावर चढवताना

क्षेत्रघनी नकाशा (प्रत्येक जिल्ह्यात आकड्याप्रमाणे फिकी-गडद छटा भरलेला) प्रमाणावर काढायचा असतो: दर चौरस किलोमीटरला किती, शेकडा किती. एकूण संख्येवर नाही. मी पहिल्यांदा एकूण लोकसंख्येवरच रंग भरले होते, आणि कोल्हापूर मुंबईपेक्षा गडद आलं. गणितात चूक नव्हती. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११. पण कोल्हापूरचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर, म्हणजे घनता ५०४. मुंबई शहरात ती एकोणीस हजारांच्या वर. एकूण संख्या दाखवायचीच असेल तर टिंब पद्धत (ठरावीक संख्येला एक टिंब) वापरा.

इशारा: २०११ चे आकडे आजच्या जिल्हा नकाशावर तसेच बसत नाहीत. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. आजचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा घेतलात तर पालघर कोरा राहतो आणि ठाण्यावर दोघांचं ओझं पडतं. एकतर जुन्या सीमांचा नकाशा घ्या, नाहीतर तालुकावार आकडे जुळवा. काय केलं ते सूचीखाली लिहा.

पावसाचा आकडा लिहिताना तो सरासरीचा की एका वर्षाचा, हेही लिहा. महापुराच्या २०१९ सालचा पाऊस कोल्हापूरची सरासरी म्हणून देणारे गृहपाठ मी पाहिलेत.

## टप्पा ८: एक दिवस बाहेर

ऑनलाइन अभ्यासक्रम हे सांगत नाही, सांगितलं तरी गुण देत नाही. तरीही करा, कारण नकाशावरची समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी) पायाखाली आल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट (स्थलदर्शक नकाशा) घ्या. जुन्या क्रमांकांप्रमाणे शहर ४७ एल/२ वर आहे, पण अगदी उजव्या कडेला. ७४°१५′ ओलांडलं की पूर्वेचा भाग एल/६ वर जातो. पन्हाळा आणि जोतिबा १६°४५′ च्या उत्तरेला, म्हणून ते एल/१ वर. एकच शीट आणून "पन्हाळा छापलाच नाही" म्हणणारे दरवर्षी भेटतात.

एल/१ आणि एल/२ शेजारी लावून पन्हाळा ते शहर अशी सरळ रेघ मारा. सुमारे अठरा किलोमीटर, म्हणजे कागदावर छत्तीस सेंटीमीटर. रेघ जिथं जिथं समोच्च रेषेला छेदते तिथली उंची आलेख कागदावर घेऊन आडवा छेद काढा. उभं प्रमाण आडव्याइतकंच ठेवलं तर शंभर मीटर उंची दोन मिलिमीटर होते आणि सगळं सपाट दिसतं. पाच पट वाढवा, आणि 'उभे प्रमाण पाच पट' असं छेदाखाली लिहा. हे न लिहिणं ही सर्वांत स्वस्तात गुण घालवायची पद्धत.

मग छेद खिशात घालून जोतिबाच्या डोंगरावर जा आणि दक्षिणेकडे बघा. परतीच्या वाटेवर प्रयाग चिखलीला थांबा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी इथं पंचगंगा होऊन निघतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. मधला उतार किती मंद आहे हे छेदावरून दिसतंच. कृष्णाही फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी का तुंबतं, हे मग व्हिडिओशिवाय कळतं. पुराच्या बातम्यांत राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ऐकतो, ती याच सपाटीची गोष्ट. पावसाळ्यात मात्र नदीकाठी जाऊ नका, हे काम दिवाळीनंतरचं.

## टप्पा ९: परीक्षा आणि नंतर

शेवटच्या तीन आठवड्यांत नवे व्हिडिओ नकोत. रोज एक कोरा नकाशा, एक प्रदेश, वीस मिनिटं. बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय बहुतेक शेजारच्या प्रदेशातून उचललेले असतात: माळवा आणि बुंदेलखंड, मलबार आणि कोरोमंडल, बागर आणि बांगर. अशा जोड्यांची वेगळी यादी करा आणि दोन्ही एकाच नकाशावर दाखवा.

प्रवेशपत्र आलं की केंद्राचं शहर पाहा. ते कोल्हापूरच असेल असं गृहीत धरू नका. ओळखपत्र मूळ न्या. अंतर्गत आणि अंतिम परीक्षेत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं का, ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमांच्या पानावर आधीच वाचलेलं असू दे.

निकाल लागला की प्रमाणपत्र उतरवा, श्रेयांक खात्यावर नोंद दिसतेय का पाहा, आणि टप्पा १ मधला तो लेखी कागद जोडून अर्ज परीक्षा विभागात द्या. पोच घ्या. पोच दिली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.